ढग, थेंब आणि कमालुद्दीन फारसी

मराठीत आपण इंद्रधनुष्य म्हणतो. उर्दूत धनक म्हणतात, आणि जरा भारदस्त भाषा वापरायची असेल तर कौस-ए-कुजह. हा शब्द अरबीतून आलेला आहे. कौस म्हणजे धनुष्य. कुजह हे इस्लामपूर्व अरबांच्या एका देवतेचे नाव असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जुने कोशकार त्याचा अर्थ रंगांचे पट्टे असाही लावतात. म्हणजे आपल्याकडे इंद्राचे धनुष्य, तर तिकडे कुजहचे. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्याचा प्रसंग मला अधूनमधून येतो. देव बदलले, धर्म बदलले, तरी शब्द तसाच राहिला. पुढे मुस्लिम विद्वानांनी जेव्हा या धनुष्यावर ग्रंथ लिहिले तेव्हा त्यांनीही बिनदिक्कत हाच शब्द वापरला.

आज मला या ग्रंथांविषयी लिहायचे आहे. प्रश्न साधा वाटतो, पण दीड हजार वर्षांहून अधिक काळ त्याने मोठमोठ्या डोक्यांना दमवले. सूर्याचा प्रकाश ढगाला भिडतो तेव्हा नेमके काय होते? काही ढगांतून ऊन गाळल्यासारखे खाली येते, काही ढग भर दुपारी अंधार करतात, आणि कधी पावसाच्या पडद्यावर सात रंगांची कमान उमटते. हे सगळे कशामुळे?

ढग म्हणजे आरसा?

सुरुवात ग्रीकांपासून करावी लागते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते की इंद्रधनुष्य हे परावर्तन आहे. ढगात पाण्याचे बारीक कण तयार होत असतात, ते छोट्या छोट्या आरशांसारखे काम करतात. आरसा इतका लहान की त्यात सूर्याचा आकार दिसत नाही, नुसता रंग दिसतो. अरबी भाषांतरांतून हा विचार मुस्लिम जगात आला आणि बराच काळ टिकला.

त्यावर पहिली खणखणीत शंका घेतली ती इब्न सीना यांनी (980–1037). आपण त्यांना हकीम म्हणून ओळखतो, पण ‘शिफा’ या त्यांच्या महाग्रंथात हवा, ढग, पाऊस यांवरही प्रकरणे आहेत. ते नुसते वाचून थांबले नाहीत, त्यांनी स्वतः पाहिले. डोंगराळ भागात त्यांना इंद्रधनुष्य दिसले, तेव्हा ते काळ्या ढगात नसून ढगाच्या अलीकडच्या विरळ, ओलसर हवेत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. मागचा काळा ढग नुसत्या पडद्याचे काम करतो. हमामात खिडकीतून आलेल्या उन्हात, ओलसर हवेत तसेच रंग उमटलेलेही त्यांनी पाहिले. मात्र हे रंग येतात कुठून, याबद्दल आपल्या पंथाच्या विद्वानांनी दिलेले उत्तर आपल्याला पटत नाही आणि आपल्यालाही ते नीट उमगलेले नाही, असे त्यांनी सरळ लिहून ठेवले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या मोठ्या ग्रंथात “मला कळले नाही” असे नोंदवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच काळात कैरोत इब्न अल-हैसम (सुमारे 965–1040) काम करत होते. बसरा हे त्यांचे जन्मगाव. प्रकाशावरचा त्यांचा सात भागांचा ‘किताबुल मनाझिर’ हा ग्रंथ सर्वांनी नावाने तरी ऐकलेला असतो. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, ही जुनी समजूत त्यांनी मोडीत काढली. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, हे प्रयोगांनी मांडले. उर्दू माध्यमाच्या विज्ञानात परावर्तनाला ‘इनइकास’ आणि अपवर्तनाला ‘इनइताफ’ म्हणतात. हे दोन्ही शब्द इब्न अल-हैसम यांच्या ग्रंथातलेच आहेत. हजार वर्षांनंतर आपली नववी-दहावीची मुले तेच शब्द परीक्षेत लिहितात.

या महापुरुषाने खळे आणि इंद्रधनुष्य यांवर एक स्वतंत्र छोटा ग्रंथही लिहिला. त्यात त्यांनी दाट ओलसर ढगाला एक मोठा अंतर्गोल आरसा मानले. सूर्याचा प्रकाश त्या आरशावर पडतो, परावर्तित होऊन डोळ्यात येतो, आणि कमान दिसते. भूमिती देखणी होती. उत्तर चुकीचे होते.

एका मागणीची गोष्ट

इथून पुढची गोष्ट समजून घ्यायला काळ ध्यानात ठेवायला हवा. 1258 मध्ये हुलागूच्या मंगोल फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. अब्बासी खिलाफत संपली. आपल्याकडच्या अनेक भाषणांत आणि लेखांत मुस्लिम विज्ञानाचा इतिहास याच वर्षी संपवला जातो. मंगोल आले, ग्रंथालये बुडाली, आणि मग काही राहिलेच नाही. ऐकायला ही मांडणी सोयीची आहे, कारण सगळा दोष बाहेरच्यावर टाकून मोकळे होता येते.

पण त्याच हुलागूच्या आश्रयाने 1259 मध्ये इराणातल्या मराघा येथे वेधशाळेचे काम सुरू झाले. प्रमुख होते नसीरुद्दीन तूसी. त्यांच्या शिष्यांपैकी एक कुतबुद्दीन शिराझी (1236–1311), आणि कुतबुद्दीन यांचे शिष्य कमालुद्दीन फारसी. कमालुद्दीन यांचा जन्म 1267 चा, म्हणजे बगदाद पडल्यानंतर नऊ वर्षांनी. त्यांचे सगळे आयुष्य मंगोल राजवटीत गेले आणि काम तबरेझच्या परिसरात झाले.

तरुण कमालुद्दीन यांना एक प्रश्न छळत होता. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्याबद्दल तत्त्वज्ञांच्या पुस्तकांत जे वाचायला मिळत होते ते त्यांना पटत नव्हते. त्यांनी उस्तादांना विचारले. कुतबुद्दीन यांना आठवले की तरुणपणी एका ग्रंथालयात आपण इब्न अल-हैसम यांचे प्रकाशावरचे पुस्तक पाहिले होते. त्यांनी दूर देशातून त्याची प्रत मागवली आणि शिष्याच्या हातात दिली. ही हकीकत खुद्द कमालुद्दीन यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे.

मला शिक्षक म्हणून इथे थांबावेसे वाटते. विद्यार्थ्याने विचारले, आणि गुरूने “पुस्तकात आहे तेच खरे” म्हणून त्याला गप्प केले नाही. स्वतः उत्तर दिल्याचा आवही आणला नाही. ज्याच्याकडे उत्तर असण्याची शक्यता होती त्याचे पुस्तक मिळवून दिले. हे पुस्तक तेव्हा जवळपास तीनशे वर्षे जुने होते आणि पूर्वेकडे फारसे कुणी ते वाचत नव्हते.

कमालुद्दीन यांनी त्या ग्रंथावर टीका लिहिली. तिचे नाव ‘तनकीहुल मनाझिर’. तनकीह हा शब्द उर्दू कागदपत्रांत कोर्टाच्या कामकाजातही येतो. दाव्यातले फापटपसारा बाजूला सारून वादाचे नेमके मुद्दे काढणे म्हणजे तनकीह. कमालुद्दीन यांनी तेच केले. जिथे इब्न अल-हैसम बरोबर होते तिथे त्यांचे म्हणणे अधिक स्पष्ट केले, आणि जिथे चुकले होते तिथे अदबीने पण नि:संदिग्ध शब्दांत वेगळा रस्ता धरला. इंद्रधनुष्य हा त्यातला सर्वांत मोठा मुद्दा.

पाण्याचा गोळा

कमालुद्दीन यांनी ढगाला आरसा मानायचे नाकारले. ढग ही एक अखंड वस्तू नाहीच. इंद्रधनुष्य जिथे उमटते तिथे पाण्याचे असंख्य वेगवेगळे, पारदर्शक, गोल थेंब आहेत. मग संपूर्ण ढगाकडे पाहण्यापेक्षा एका थेंबात काय घडते ते पाहिले तर?

पण थेंब इतका लहान की त्यात डोकावणार कसे? यावर त्यांनी काढलेली युक्ती आजच्या कुठल्याही शाळेत करता येईल अशी आहे. त्यांनी काचेचे मोठे गोल भांडे घेतले, ते पाण्याने भरले आणि तो एक प्रचंड मोठा पावसाचा थेंब आहे असे मानले. काचेच्या पातळ कवचाने फारसा फरक पडत नाही, हेही त्यांनी विचारात घेतले. मग अंधाऱ्या खोलीत, झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तो गोळा ठेवून प्रकाशाचा मार्ग शोधला. अंधारी खोली आणि गोळ्यातून जाणारा प्रकाश, ही दोन्ही साधने इब्न अल-हैसम यांच्याच लेखनातून आलेली होती. उस्तादांच्या उस्तादाची चूक त्यांनी त्याच्याच हत्याराने दुरुस्त केली.

त्यांना दिसले ते असे. किरण थेंबात शिरताना वाकतो. मागच्या भिंतीवर आपटून आतल्या आत परततो. बाहेर पडताना पुन्हा वाकतो. दोन अपवर्तने आणि मध्ये एक परावर्तन, यातून मुख्य इंद्रधनुष्य बनते. काही किरण आत दोनदा परततात. त्यांच्यामुळे वर दुसरी, फिकट कमान दिसते आणि तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो. दहावीच्या विज्ञानात थेंबाची जी आकृती काढायला लावतात, ती हीच.

साधारण त्याच वर्षांत, म्हणजे 1304 ते 1310 च्या दरम्यान, जर्मनीत थिओडोरिक नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून हेच उत्तर काढले. दोघांना एकमेकांची खबर असल्याचा काहीही पुरावा नाही. म्हणून “युरोपने आमचे चोरले” असे म्हणणे इथे चालणार नाही. पण दोघांमध्ये एक समान धागा आहे. ‘किताबुल मनाझिर’चे लॅटिन भाषांतर सुमारे 1200 सालापासून युरोपात वाचले जात होते, त्यामुळे थिओडोरिकसमोरही इब्न अल-हैसम यांचा वारसा होता. एका मुस्लिमाचे पुस्तक तबरेझमध्ये एका मुस्लिमाने आणि जर्मनीत एका पाद्र्याने वाचले, आणि दोघेही त्या पुस्तकाच्या पुढे गेले.

सगळेच उत्तर मिळाले असेही नाही. रंग का वेगळे होतात, हे कमालुद्दीन यांना नीट सांगता आले नाही. उजेड आणि अंधार यांच्या मिश्रणातून रंग निर्माण होतात, या जुन्या समजुतीच्या आसपासच ते राहिले. कमान ठरावीक उंचीवरच का दिसते, याचे गणित 1637 मध्ये देकार्तने मांडले. थेंबातून परतणारे किरण सूर्याच्या विरुद्ध दिशेपासून सुमारे 42 अंशांवर दाटीने गोळा होतात. म्हणूनच सूर्य 42 अंशांपेक्षा वर असला की जमिनीवरून पाहणाऱ्याला इंद्रधनुष्य दिसत नाही. आपल्याकडे ते सकाळी पश्चिमेला किंवा असरच्या नमाजनंतर पूर्वेला दिसते, भर जोहरच्या वेळी दिसत नाही, त्याचे कारण हेच. रंगांचा उलगडा न्यूटनने लोलकाच्या प्रयोगांनी केला.

थेंब केवढा, यावर सगळे

एका थेंबापासून सुरुवात करायची, ही कमालुद्दीन यांची वाट पुढे इंद्रधनुष्याच्या पलीकडेही कामाला आली. ढगातून ऊन किती खाली येणार, हेही शेवटी त्याच्या आतल्या रचनेवर ठरते.

पावसाचा थेंब साधारण 2 मिलिमीटर धरला, तर ढगातला कण त्याच्या शंभरावा भाग, म्हणजे 0.02 मिलिमीटरच्या आसपास असतो. असे सुमारे दहा लाख कण एकत्र आले की पावसाचा एक थेंब बनतो. पाणी दोन्हीकडे तेच, पण प्रकाशाशी वागणे निराळे. मोठे थेंब रंगीत कमान देतात. धुक्याचे बारीक कण तीच कमान पुसट, रुंद आणि जवळजवळ पांढरी करून टाकतात. फार उंचावरच्या विरळ ढगांत पाण्याऐवजी बर्फाचे सहा बाजूंचे स्फटिक असतात. त्यांच्यातून ऊन सहज खाली येते, पण वाकून येते, आणि सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती 22 अंशांचे खळे पडते. उर्दूत त्याला ‘हाला’ म्हणतात.

पावसाळी ढग काळा दिसतो, तो काही पाणी काळे असते म्हणून नाही. त्यातला प्रत्येक कण पारदर्शकच असतो. पण प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा फेकला जातो आणि त्यातला बराचसा वरच्या वर परत जातो. म्हणून विमानातून पाहणाऱ्याला तोच ढग शुभ्र दिसतो आणि खाली शेतात उभ्या असलेल्या माणसाला काळाकुट्ट.

यात आणखी एक बारकावा आहे. पाणी तेवढेच ठेवून एका कणाचे आठ कण केले, तर प्रत्येकाचा व्यास निम्मा होतो, पण सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणजे ढग अधिक उजळ होतो आणि खाली येणारे ऊन कमी. धूर आणि धूळ हवेत वाढली की नेमके हेच होते, कारण प्रत्येक ढगकणाला जमायला धुळीचा एखादा सूक्ष्म कण लागतो. 1970 च्या दशकात शॉन टूमी या शास्त्रज्ञाने हे मांडले. आज पृथ्वी किती तापणार याचा अंदाज बांधताना ढगांचा हिशेब हा सर्वांत अवघड भागांपैकी एक मानला जातो.

आपल्या मातीशीही या विषयाचे नाते आहे. ट्रेकला जाणाऱ्यांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचे इंद्रवज्र माहीत असते. समोर दरीत ढग, पाठीशी सूर्य, आणि ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ. विल्यम साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याची नोंद केली आहे. गंमत अशी की कमालुद्दीन यांच्या गोळ्याने इंद्रवज्राचा उलगडा होत नाही. ते ढगातल्या अतिसूक्ष्म कणांमुळे बनते, आणि त्यासाठी प्रकाश ही लाट आहे असे मानणारे गणित लागते. 1908 मध्ये गुस्ताफ मी यांनी गोल कणांसाठी ते गणित मांडले. म्हणजे कमालुद्दीन यांचीही तनकीह झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पुण्याच्या हवामान खात्यात काम केलेल्या ॲना मणी यांचे नावही इथे घ्यायला हवे. 1957–58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले, आणि 1980 मध्ये त्या मोजमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुठल्या महिन्यात कुठे किती ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, हे भारताला कळले ते अशा कामामुळे. छतावर सौर पॅनेल बसवणारा प्रत्येक जण नकळत त्यांचा ऋणी आहे.

वारसा कुणाचा

कमालुद्दीन यांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आइलहार्ट वीडमान या जर्मन अभ्यासकाने त्यांचे काम आधुनिक जगासमोर आणले. आणि 1928 ते 1930 या काळात ‘तनकीहुल मनाझिर’चे दोन अरबी खंड छापले गेले. कुठे? तेहरानला नाही, कैरोला नाही. आपल्या हैदराबादला, दाइरतुल मआरिफ या संस्थेत. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते. म्हणजे आमचे आजोबा-पणजोबा ज्या राज्यात शेतसारा भरत होते, त्याच राज्याच्या राजधानीत हे पुस्तक छापले जात होते.

हे मी अभिमानाने सांगतो. पण अभिमानाचे दोन प्रकार असतात. रोज मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आपल्याला कळत राहते की कॅमेरा आमचा, बीजगणित आमचे, शस्त्रक्रिया आमची. दुसऱ्या बाजूचे संदेश सांगतात की विमान त्यांचे, अणू त्यांचा. दोन्हीकडे पूर्वजांच्या नावाने टाळ्या वाजतात, आणि दोन्हीकडच्या मुलांच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असते. आपल्याकडे आणखी एक सवय आहे. कुठलाही शोध लागला की तो अमुक आयतीत आधीपासून होता, असे सांगायचे. कुरआनने ढग, वारे आणि पाऊस यांवर विचार करायला सांगितले आहे, हे खरे. कमालुद्दीन यांनी हे सांगणे मनावर घेतले, म्हणजे काय केले? काचेच्या गोळ्यात पाणी भरले आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले.

इब्न अल-हैसम यांच्या नावाचा जयजयकार करणे कमालुद्दीन यांनाही सोपे होते. त्यांनी तो केला असता, तर ढग आणखी काही शतके आरसाच राहिला असता. त्यांनी इब्न अल-हैसम यांना वाचले, त्यांची पद्धत घेतली आणि त्यांचे उत्तर नाकारले. खुद्द इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीवर शंका घेणारा ग्रंथ लिहिला होता, आणि सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या लिखाणाचीही कसून तपासणी करावी, असा आग्रह त्यात धरला होता. त्यामुळे उस्तादांना नाकारूनही कमालुद्दीन त्यांचेच शिष्य ठरतात.

बगदाद पडल्यानंतरच्या पन्नास वर्षांत, परक्यांच्या राजवटीत, हे काम झाले. म्हणून परिस्थिती वाईट आहे, सरकार आपले नाही, दिवस फिरले आहेत, ही कारणे मला अर्धीच खरी वाटतात. कमालुद्दीन यांच्याजवळ होते ते एवढेच: मनात एक प्रश्न, तो ऐकून घेणारा एक शिक्षक आणि दुरून मागवलेले एक पुस्तक. आपल्या मोहल्ल्यांत शिक्षक आहेत, पुस्तकेही मिळतात. प्रश्न विचारणारी मुले तर पहिलीच्या वर्गात हवी तेवढी असतात. सातवी-आठवीपर्यंत ती गप्प का होतात, याची तनकीह आपण पालकांनी आणि शिक्षकांनी करायची आहे.

यंदाच्या पावसाळ्यात एक काम नक्की करता येईल. काचेचे एक गोल भांडे घ्या, त्यात पाणी भरा, खोली अंधारी करा आणि झरोक्यातून ऊन आत येऊ द्या. रंग कुठे उमटतात ते मुलांना शोधू द्या. उत्तर आधी सांगू नका.